ढकलणाऱ्यांचा वाटा

मालवणच्या दांडी किनाऱ्यावरच्या हरिश्चंद्र पराडकराला होड्यांच्या इंजिनातलं जेवढं कळे तेवढं माणसांतलं कळत नसे, आणि हे त्याची बायको आनंदी त्याला दिवसातून दोनदा तरी ऐकवायची. इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावली की कुठलं बेअरिंग गेलंय, कुठल्या सिलिंडरात पाणी शिरलंय, हे तो डोळे मिटून सांगे. माणसाला स्क्रूड्रायव्हर लावायची सोय नव्हती.

या हरिश्चंद्राकडे एक गाडी होती. दोन सीटांची, डोक्यावर टप नसलेली, लांब नाकाची, अठ्ठावन्न सालची विलायती स्पोर्ट्स कार. पोर्तुगीज असताना ती गोव्यात उतरली, तिथून वेंगुर्ल्याच्या एका डॉक्टरांकडे आली आणि डॉक्टर मुलाकडे कायमचे राहायला निघाले तेव्हा ‘हिची कुरकुर तूच ऐकू शकतोस’ असं म्हणून त्यांनी ती हरिश्चंद्राच्या हवाली केली. बॉनेटवरचं कंपनीचं नाव खाऱ्या हवेने केव्हाच खाल्लं होतं. दांडीवर तिला नुसतंच ‘गाडी’ म्हणत, कारण बाकी सगळ्यांकडे होड्या होत्या.

ही गाडी चावीने म्हणून कधी चालू झाली नाही. ती ढकलावी लागे. ढकलायला शेजारपाजारचे सातजण येत: रापणीचा म्होरक्या बाबली, त्याचा धाकटा भाऊ भाई, मासे विकणारी सुगंधा आणि रापणीवरचे आणखी चौघे. आता दांडीची रीत अशी, की रापणीचं भलंमोठं जाळं किनाऱ्यावर ओढताना ज्याचा हात दोराला लागला त्याला माशांत वाटा. मग तो हात पाहुण्याचा असो नाहीतर रस्ता चुकून आलेल्या पोस्टमनचा. तेव्हा गाडी ढकलणाऱ्यालाही वाटा मिळालाच पाहिजे, हे बाबलीने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. गाडीतून मासे निघत नाहीत, म्हणून वाटा असा ठरला: दर रविवारी सातांतल्या एकाने हरिश्चंद्राच्या शेजारी बसायचं आणि दांडीपासून चिवल्याच्या किनाऱ्यापर्यंत ऐटीत जाऊन यायचं. सुगंधा आपल्या पाळीला मांडीवर माशांची पाटी घेऊन बसायची आणि वाटेत गिऱ्हाइकं करायची. अकरा वर्षं हे असंच चाललेलं. गाडीला बारमाही बांगड्याचा वास येई आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे.

दर डिसेंबरच्या शेवटी देवगडकडच्या एका सड्यावर जुन्या मोटारींची हौशी शर्यत भरे. सडा म्हणजे काळ्या कातळाचं उघडंबोडकं पठार, तिथे चुन्याने आखलेल्या वाटेवरून दहा फेऱ्या मारायच्या. हरिश्चंद्र तीन वर्षं तिथे जात होता आणि तिन्ही वर्षं त्याची गाडी मधेच बसली होती. एकदा चौथ्या फेरीत, एकदा सहाव्या, आणि २००६ साली तर दुसऱ्याच फेरीत, जिथे प्रेक्षक सर्वांत जास्त होते तिथे. कातळ तापला की कार्बोरेटरकडे जाणारं पेट्रोल वाटेतच उकळायचं आणि गाडी दोन आचके देऊन गप्प व्हायची.

मग क्लबचं पत्र आलं. क्लबचे सेक्रेटरी रविराज सावंत हे कसालचे, आणि त्यांना नियम करायची भारी हौस. नवा नियम असा, की लागोपाठ चार वर्षं शर्यत पुरी न करणारी गाडी पुढच्या वर्षापासून ‘शोभेच्या गटात’ जाईल. शोभेचा गट म्हणजे एका बाजूला घातलेला मांडव, त्यात गाडी उभी, गाडीला झेंडूचा हार आणि आत बसून फोटो काढून घेणारी पोरं. गेल्या वर्षी, हा नियम यायच्या आधीच, सावंतवाडीच्या एका वकिलाने आपली थकलेली गाडी आपणहून तिथे लावली होती. तो बिचारा दोन तास आल्यागेल्याला कोकम सरबत देत उभा होता आणि सगळे त्याला ‘वा, छान ठेवलीय हो’ म्हणत होते. हरिश्चंद्राने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याला त्या दिवसापासून कोकम सरबत घशाखाली उतरेना. चौपन्न वर्षांच्या माणसाने आयुष्यभर इंजिनं जिवंत करायची आणि शेवटी आपलीच गाडी हार घालून बसवायची, हे त्याला मरणाहून वाईट वाटत होतं.

यातून वाट काढली ती जानकीने. जानकी आनंदीची धाकटी बहीण, कसालच्या बाजारात टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. मेहुण्याचं सुतकी तोंड दोन दिवस बघून ती म्हणाली की कार्बोरेटर काढून टाका आणि इंजेक्शन बसवा. पेट्रोल कधी, किती द्यायचं आणि ठिणगी कधी टाकायची, हे सगळं एक डबा ठरवील. डब्यात काय भरायचं ते ती लॅपटॉपवरून भरील. इंटरनेटवर जगभरचे रिकामटेकडे लोक आपल्या जुन्या गाड्यांना हेच करतायत, तिने सगळं वाचून काढलं होतं.

हरिश्चंद्राने आधी नाही म्हटलं, मग जेवला, मग हो म्हणाला. कोल्हापूरच्या भंगारबाजारातून त्याने एका चेपलेल्या गाडीचं सामान आणलं. इंजेक्टर, पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप, सेन्सर आणि साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा असा तो डबा. क्रँकच्या पुलीवर दात्यांचं चाक बसवलं, चाकासमोर फेरे मोजणारा सेन्सर लावला, सायलेन्सरला भोक पाडून धूर हुंगणारा दुसरा सेन्सर घातला. नवा स्टार्टर, नवी बॅटरी आली. कार्बोरेटर धुऊनपुसून आनंदीच्या स्वैपाकघरातल्या फळीवर ठेवण्यात आला, तो तिने त्याच संध्याकाळी पडवीत आणून ठेवला.

पुढचे पंधरा दिवस भावोजी गाडी चालवतायत आणि मेहुणी मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारी, असं दृश्य अख्ख्या मालवणाने पाहिलं. लॅपटॉपवर आकड्यांचा एक तक्ता होता. इंजिनाचे फेरे किती आणि पाय किती दाबला, यावरून प्रत्येक घरात पेट्रोलचा एक आकडा. जानकी एरवी मालवणीत बोले, पण तक्ता उघडला की क्लासमधल्यासारखी शुद्ध मराठी सुरू करी. ‘तीन हजारांवर स्थिर ठेवा, भावोजी.’ हरिश्चंद्र स्थिर ठेवायचा आणि म्हणायचा, हय तेचो घसो सुकता, थोडा चड दी. जानकी सेन्सर बघायची, तर त्याच घरात पेट्रोल कमी पडत असायचं. असं सातआठ वेळा झालं तेव्हा तिने सेन्सरकडे बघणं सोडलं आणि भावोजींच्या तोंडाकडे बघून आकडे भरले. हरिश्चंद्राने हे दांडीवर सगळ्यांना सांगितलं, ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही.

आणि एका सकाळी त्याने चावी फिरवली आणि गाडी चालू झाली. कुणी ढकललं नाही. सातजण सवयीने येऊन पाठीमागे उभे होते, हात पुढे केलेले, आणि गाडी त्यांच्या हातांतून पुढे निघून गेली. भाई तोंडावर पडता पडता वाचला.

त्या रविवारी पाळी सुगंधाची होती. ती पाटी घेऊन आली तर हरिश्चंद्र जानकीला घेऊन कधीच निघून गेलेला. संध्याकाळी बाबली पडवीत आला. बाबली कमी बोलणारा माणूस, पन्नास माणसांची रापण नुसत्या भुवईने चालवायचा.

“हरी, आमच्या वाट्याचा काय?” त्याने विचारलं.

हरिश्चंद्राला तेव्हा नव्या यंत्राची धुंदी चढली होती. “ढकलणा संपला, वाटो संपलो,” तो म्हणाला. “दोराक हात नाय तर मासो नाय. रीत तुमचीच.”

“बरा,” बाबली म्हणाला आणि उठून गेला. बाबली नुसतं ‘बरा’ म्हणून उठला की पुढे काही बरं होत नाही, हे आनंदीला ठाऊक होतं. तिने नवऱ्याला चांगलं फैलावर घेतलं. रविवारची एक फेरी त्या माणसांना बसवून मारली तर गाडी झिजणार होती का, असं तिने विचारलं. हरिश्चंद्राने स्क्रूड्रायव्हर शोधायला जातो म्हणून पळ काढला. दुसऱ्या दिवसापासून सातांतलं कुणी त्याच्याशी बोलेना. सुगंधा त्याच्या दारावरून जाताना मुद्दाम ‘मासे घ्येवा’ हे मोठ्याने म्हणायची आणि त्याच्या दाराशी मात्र थांबायची नाही. पराडकरांकडे महिनाभर डाळ शिजली.

आता हरिश्चंद्राचं जे चुकलं ते सांगतो. होडीवरचा मेकॅनिक म्हणजे खाऱ्या हवेचा जन्माचा वैरी. लोखंड दिसलं की तेल चोपड, वायर दिसली की तेल चोपड, हे त्याच्या हाताला आपोआप लागलेलं. इतक्या बारीक वायरी, इतके नाजूक सेन्सर, हे सगळं दांडीच्या हवेत उघडं ठेवायचं? जानकी कसालला गेल्यावर त्याने होडीच्या फळ्यांना लावायचं माशाचं तेल घेतलं आणि डब्यापासून सेन्सरपर्यंत एकेक वायर प्रेमाने माखून काढली. वास आला, पण त्या गाडीला वास नव्हता कधी? जानकीला सांगितलं नाही, कारण ती पुन्हा शुद्ध मराठीत काहीतरी बोलली असती.

तेव्हापासून दांडीवरची मांजरं गाडीभोवती जमू लागली. दोन बॉनेटवर, तीन खाली, एक थेट आत. हरिश्चंद्राला वाटलं, इंजिनाची ऊब घ्यायला येतात. नव्या यंत्राचं मुक्या जनावरांनासुद्धा कौतुक आहे, असं त्याने आनंदीला सांगितलं. आनंदी अजून डाळीच्या रागात होती, तिने त्याच्या ताटात आणखी एक पळी डाळ ओतली.

शर्यतीच्या दिवशी पहाटे गाडी चावीने चालू झाली आणि आचऱ्यावरून देवगडच्या सड्यावर आपल्या पायांनी पोचली. आनंदी आणि जानकी एसटीने आल्या. रुसलेले सातजणही आले होते, माशांच्या टेंपोतून. शर्यत चुकवण्याइतकं काही ते रुसले नव्हते. ते दोरीच्या पलीकडे हाताची घडी घालून ओळीने उभे राहिले आणि हरिश्चंद्राकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

दहा गाड्या सुटल्या. खरं सांगायचं तर हरिश्चंद्राची गाडी त्या दिवशी सुरेख पळाली. चौथी फेरी गेली, सहावी गेली, कातळ तव्यासारखा तापला तरी इंजिनाचा आवाज बदलला नाही. सातव्या फेरीला तो पाचवा होता. आठव्या फेरीला त्याने एका देवगडच्या आंबेवाल्याला मागे टाकलं आणि वळणावर त्याला हात केला. त्याच्या मनात आनंद मावेना. तीन वर्षं मान खाली घालून परत गेलेला माणूस आता रस्ता आणि इंजिन यांपलीकडे काही ऐकतच नव्हता. तो मनातल्या मनात शोभेच्या मांडवाला रामराम करून मोकळा झाला होता.

दहाव्या फेरीत, शेवटच्या रेषेपासून शंभर पावलांवर, जिथे सडा थोडा चढतो तिथे गाडी बंद पडली. आचका नाही, खोकला नाही. दिवा विझावा तशी बंद. हरिश्चंद्राने चावी फिरवली, स्टार्टर फिरला, इंजिन काही बोललं नाही. मागचे सगळे एकेक करून त्याला मागे टाकून गेले. आंबेवाल्यानेही हात केला.

जानकी लॅपटॉप घेऊन धावत आली. बॉनेट उघडलं, ती आत वाकली आणि तशीच थांबली. फेरे मोजणाऱ्या सेन्सरची वायर तुटली होती. शेजारची आणि तिच्या पलीकडची एकेका तारेवर लोंबत होती. वायरींवर बारीक बारीक दात उमटले होते. जानकीने नाक जवळ नेलं, मग मेहुण्याकडे पाहिलं.

“माशाचा तेल?” तिने विचारलं. ती मालवणीत बोलली, तेव्हाच हरिश्चंद्राला कळलं की आपण मेलो.

जोडायला वेळ किती, तर अर्धा तास, कारण मांजरांनी कुठे कुठे चव घेतलीय ते आधी शोधावं लागलं असतं. आणि पहिली गाडी आल्यापासून पंधरा मिनिटांत जी रेष ओलांडील तिचीच शर्यत पुरी. त्यातली सहा गेली होती. पूर्वीची गाडी असती तर ढकलून चालू झाली असती. ही ढकलूनही चालू होणार नव्हती, हिचा डबा आंधळा झाला होता. हरिश्चंद्राने गाडी न्यूट्रलला टाकली, खाली उतरला आणि एकट्याने ढकलू लागला. गाडी चढावर वीतभर गेली आणि दोन वीत मागे आली.

दोन परके प्रेक्षक मदतीला धावले, तर लाउडस्पीकरवरून रविराज सावंतांचा आवाज आला. “हात लावू नका. नियम बावीस. चालक आणि मालक यांच्याखेरीज कुणाचा हात लागला तर गाडी बाद.” प्रेक्षक चटका बसल्यासारखे मागे झाले.

हरिश्चंद्राने मान वर केली. दोरीपलीकडे सातजण उभे होते. त्याला त्यांच्यासमोर इतकी लाज कधी वाटली नव्हती. तो दोरीपर्यंत गेला. त्याने नुसतंच “बाबली” म्हटलं.

रविराज सावंत हातात नियमांची वही घेऊन तिथवर आले. त्यांनी बाबलीला विचारलं की तुम्ही या गाडीचे मालक आहात काय. बाबलीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

“ह्याका इचारा,” तो हरिश्चंद्राकडे बघून म्हणाला. “आमचो वाटो ह्येना काढलो.”

“दितंय,” हरिश्चंद्र म्हणाला. “परत दितंय. दर आयतवारी.”

“बसूचो वाटो नको आता. चालवूचो होयो.”

हरिश्चंद्राने गाडीकडे वळून पाहिलं. तिच्या स्टिअरिंगच्या चाकाला अकरा वर्षांत त्याच्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. जानकीचाही नाही, तिने तर गाडीच्या डोक्यात हात घातला होता. त्याने घड्याळाकडे पाहिलं. सात मिनिटं उरली होती. पलीकडे मांडवात वकील कोकम सरबताचे पेले मांडत होता, आणि शेजारी एक जागा मोकळी होती.

“मालक आसत,” तो सावंतांना म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाला, “हे साती जण ह्या गाडयेचे मालक आसत. माज्याइतकेच.”

सावंत म्हणाले की कागद तर एकाच नावाचा आहे. हरिश्चंद्र म्हणाला, कागद एकाचा असेल, गाडी रापणीची आहे. हे सावंतांच्या कुठल्याच नियमात बसत नव्हतं आणि कुठल्या नियमात अडतही नव्हतं. दोरीपलीकडची देवगडची कोळी मंडळी तर ‘बरोबर आसा’ म्हणून माना डोलवायला लागली होती. सावंतांनी फॉर्म पुढे केला आणि मालकांची नावं लिहा म्हणाले. सात नावं लिहिली. जानकीने आठवं स्वतःचं लिहिलं. आनंदी मागून आली, म्हणाली की अकरा वर्षं ही गाडी मी धुतेय, आणि तिने नववं लिहिलं. हरिश्चंद्र धरून दहा मालक झाले. तीन मिनिटं उरली.

हरिश्चंद्र धावत जाऊन चाकाशी बसला. मागे सहांचे हात लागले, पण जोर कुणी लावेना. त्याने वळून पाहिलं तर बाबली त्याच्या दाराशी उभा.

“उतर,” बाबली म्हणाला. “ढकलतलो तेका वाटो. बसान ऱ्हवतलो तेका खंयचो?”

वाद घालायला वेळ नव्हता. तो उतरला. चाकाशी बसली सुगंधा, कारण बुडालेला रविवार तिचा होता. तिने पदर खोचला, चाक दोन्ही हातांनी धरलं, आणि दहांतले नऊ मालक मागे लागले. बाबलीने रापण ओढतानाची हाळी दिली. गाडी निघाली.

सुगंधाने लहानपणी बापाची होडी चालवली होती, आणि होडीचं सुकाणू उजवीकडे ढकललं की होडी डावीकडे जाते. तेवढ्यावर भरवसा ठेवून तिने चाक फिरवलं. गाडी रेषेकडे जायचं सोडून सेक्रेटरींच्या टेबलाकडे निघाली. सावंतांनी वही छातीशी धरून उडी मारली. आनंदी मागून ओरडली की उलटं फिरव गो, सुगंधाने उलटं फिरवलं, आणि गाडी टेबलाला चाटून तिरकी तिरकी, खेकड्यासारखी वर चढू लागली.

हरिश्चंद्र डाव्या कोपऱ्यात होता. खांद्याला भाईचा खांदा, पायाखाली तापलेला कातळ, हाताला माशाच्या तेलाचा वास. अकरा वर्षांत त्याने आपली गाडी पुढे जाताना मागून कधी पाहिली नव्हती. तिचं बूड थोडं डावीकडे झुकलेलं होतं, आणि ही माणसं रोज सकाळी हेच बघत उभी राहायची, चिवल्यापर्यंतच्या एका फेरीसाठी. त्याला एकदम भडभडून आलं. त्याने तोंड बाहीला पुसलं आणि आणखी जोर लावला.

रेष ओलांडली तेव्हा वीस सेकंद उरले होते. सुगंधाला ब्रेक कुठे असतो ते कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी मागचा बंपर धरून गाडी उलटी ओढली. ते काम त्यांना ढकलण्यापेक्षा चांगलं येत होतं. सावंतांनी घाम पुसत लिहिलं: दहावा क्रमांक, शर्यत पूर्ण.

हरिश्चंद्र कातळावर बसला होता, तळवे लालबुंद झालेले. बाबली येऊन शेजारी टेकला. दोघंही धापा टाकत होते.

“आता झालो तुजो वाटो,” बाबली म्हणाला.

पाळ्या तिथेच ठरल्या. सुगंधाची आजच झाली होती, पण आजची तिने धरली नाही, इंजिन चालू नव्हतं म्हणून. त्यामुळे पुढच्या रविवारी पुन्हा ती, मग बाबली, मग भाई, मग चौघे, मग जानकी, मग आनंदी. हरिश्चंद्राचा नंबर शेवटी, म्हणजे मार्चमध्ये लागत होता. त्याने बोटं मोजून पाहिली, दोनदा मोजली.

“मधी कोण आजारी पडलो तर?” त्याने विचारलं.

“बघूया,” बाबली म्हणाला, आणि टेंपोत पुढे कुणी बसायचं ते ठरवायला उठला.